इडाचं उन्हाळी तेल

१

डिसेंबर लागला, आमच्याकडचा उन्हाळा सुरू होऊन उन्हं कडक झाली, की माझी थोरली बहीण इडा फडताळातून तिच्या तेलाची बाटली खाली काढायची. कानामागे एक बोट, गळ्याच्या खळगीत एक, दोन्ही मनगटांवर एकेक. मग सकाळचा चहा. हा क्रम मी वर्षानुवर्षं पाहिला. तेल ती घरीच करायची. ऑलिव्हच्या तेलात जुन्या पोळ्याचं काळपट मेण, थोडा मध, रोझमेरी आणि परसात माजलेला लिंबाच्या वासाचा पुदिना घालून बरणी सहा आठवडे पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवायची. वास गोड होता, पण मागून पाल्याचा कडवटपणा यायचा. मी त्याला कोशिंबिरीचं तेल म्हणायचे. ती म्हणायची, "तू तुझी बस चालव."

मी मर्ल. या बेटावर सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. त्याआधी समुद्रापलीकडे ॲडलेडला जाऊन सात वर्षं संसार करून पाहिला. नाही जमला, परत आले. त्या सात वर्षांत इडाला एक सवय लागली होती. घरात एकटी असली की ती जाळीच्या दाराला आतून आकडा लावायची. चोरांसाठी नव्हे, इथे लोक गाडीची किल्लीसुद्धा गाडीतच सोडतात. "तेवढाच एक आवाज होतो गं घरात," असं ती एकदा म्हणाली होती. मी बॅग घेऊन दारात उभी राहिले त्या दिवशी तिने तो आकडा काढला. त्यानंतर मी घरात असताना तो कधीच लागला नाही.

ऑगस्टमध्ये, ऐन थंडीत, इडा गेली. मागे राहिल्या तिच्या चोवीस मधपेट्या, बिस्किट नावाचा एक म्हातारा कुत्रा आणि गेल्या वर्षीच्या तेलाची एक भरलेली बाटली.

आणि मी.

२

पेट्या इडाच्या होत्या, माशाही तिच्याच. ती हातमोजे न घालता त्यांच्यात वावरायची. माझी त्यांच्याशी ओळख डंखापुरती. नोव्हेंबरच्या शेवटी निलगिरी फुलली, मध भरायला लागला, पेट्यांवर नवे मजले चढवणं भाग होतं. पहिल्याच दिवशी मला नऊ माशा डसल्या, त्यातली एक टोपीच्या जाळीतून आत शिरून भुवईवर. एक डोळा मिटलेल्या अवस्थेत मी व्हरांड्यात बसले होते, तेवढ्यात शेजारचा डग आला. शेजारचा म्हणजे चार किलोमीटरवरचा. सत्तरी ओलांडलेला, मेंढ्या पाळतो, बोलतो कमी.

"काय अवतार केलायस," तो म्हणाला. मग पेट्यांकडे बघत राहिला. "मर्ल, सांगितलंस का त्यांना?"

"कुणाला?"

"माशांना. इडाचं."

"पत्र टाकते. चोवीस पाकिटं लागतील."

तो हसला नाही. आमच्या आजीची रीत त्यालाही ठाऊक होती. घरात कुणी गेलं की खिळ्यावरची घराची किल्ली घ्यायची, प्रत्येक पेटीवर तीनदा वाजवायची आणि कोण गेलं ते मोठ्याने सांगायचं. मग गेलेल्या माणसाच्या कपड्याची चिंधी काळ्या फितीत धरून पेटीला बांधायची, कारण माशांना नाव कळत नाही, वास कळतो. आई गेली तेव्हा इडाने हे सगळं केलं होतं. मी लांब उभी राहून हसू दाबत होते.

"न सांगितलं तर जातात म्हणे सोडून," मी म्हटलं. "कुठे गेल्यात? उलट मलाच खायला उठल्यात."

"गेल्या तर बरं, असं माझा बाप म्हणायचा," डग म्हणाला. "न जाता राहिल्या, तर त्यांच्या लेखी ते माणूस आहेच की."

खरं सांगायचं तर रीत खरी की खोटी हा प्रश्नच नव्हता. इडा गेली हे वाक्य मी तोपर्यंत एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं. फोन सगळे डगने केले होते. माणसं आपण होऊन यायची, हात हातात घ्यायची, मी मान हलवायचे. ते वाक्य उच्चारलं की घरात मी एकटी उरणार होते. मला एकटीला राहायचं नव्हतं, इतकं साधं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इडाची बाटली उघडली. कानामागे, गळ्याच्या खळगीत, दोन्ही मनगटांवर. आणि हातमोजे न घालता पेट्यांपाशी गेले.

एकही माशी डसली नाही. एक माझ्या मनगटावर उतरली, नाडीवर थांबली, पंख साफ केले आणि कामाला गेली. मी तिथे उभी राहून रडले. बरं वाटलं म्हणून.

३

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. पेटीतल्या मेणाच्या चौकटी मी सहज उचलत होते. कुठली पेटी हळू उघडायची, कुठलीला माशा शांत करायला जास्त धूर लागतो, हे मला आपोआप कळू लागलं. बस चालवणाऱ्या बाईला या वयात हे सुचतंय म्हणून मी स्वतःवरच खूश होते.

रविवारी जेटीजवळच्या बाजारात मधाचं टेबल मांडलं. मी खाली वाकून खोकी रिकामी करत होते, मागून ग्लेनिसचा आवाज आला. ग्लेनिस पोस्ट सांभाळते, दर रविवारी मध घेते.

"इडा, दोन छोट्या दे गं, आणि या वेळी गळकं झाकण नको."

मी वळले. ग्लेनिसचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं आई गं... मर्ल, माफ कर मला. वास आला ना, तर तोंडातून आपलं..."

"असू दे. तिचंच तेल आहे."

"वासच नाही नुसता," ती म्हणाली आणि थांबली. "तू खोकी डाव्या हाताने रिकामी करत होतीस."

इडा डावखुरी होती. मी नाही. मी सांगितलं, उजव्या खांद्यात चमक भरलीये. नऊ डंखांनंतर कुणाचाही खांदा दुखेल. ग्लेनिसने मला मिठी मारली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवली. परतताना गाडीत मला जाणवलं की मला वाईट वाटलेलं नाही. इडा म्हणून कुणी हाक मारली याचा मला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची थोडी लाजही वाटली. घरी गेल्यावर मी आणखी एक बोट तेल लावलं.

४

व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या आहेत. डावीकडची तिची. नाताळच्या आदल्या आठवड्यात, दुपारी चहा पिताना, मला दिसलं की तिच्या खुर्चीच्या पाठीशी अकरा-बारा माशा बसल्यात, मान टेकते त्या उंचीवर. यात काही नवल नव्हतं. इतके उन्हाळे तिची तेल लावलेली मान तिथे टेकत होती, वेतात वास मुरलेला असणार. मी सोड्याच्या गरम पाण्याने खुर्ची घासली आणि उलटी करून वाळवली.

दुसऱ्या दुपारी माशा परत होत्या. मी चष्मा पुसून जवळ गेले. त्या वेतावर नव्हत्या. वेताच्या चार बोटं पुढे होत्या आणि उडत नव्हत्या. पंख मिटून, पाय टेकून, सावकाश चालत होत्या, कानामागे चालावं तशा.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ॲडलेडच्या डॉक्टरने मार्चची तारीख दिलीये. एका डोळ्याने चार बोटांचं अंतर कळत नाही, हे बस चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मी स्वतःला तेच सांगितलं आणि माझी खुर्ची थोडी उजवीकडे सरकवली.

त्याच संध्याकाळी बाटलीकडे लक्ष गेलं. इतक्यात ती अर्ध्याच्या खाली? रोज चार बोटं तेल लागतं, म्हणजे बाटली उन्हाळाभर पुरायला हवी होती. तेल विरळ होऊन उडत असेल म्हणून मी बूच घट्ट दाबलं आणि पेन्सिलीने बाटलीवरच्या चिठ्ठीवर खूण केली. तीन दिवस रोज एकदाच लावलं, सकाळी, मोजून. तिन्ही दिवस तेल दुपटीने उतरलं होतं.

एका माणसाला लागतं त्याच्या बरोबर दुप्पट. थोडं कमी-जास्त असतं तर मी बुचाला दोष दिला असता.

५

इडाची खोली मी ऑगस्टपासून बंदच ठेवली होती. जानेवारीत दुपारच्या वेळी तिथून गुणगुण ऐकू यायला लागली. बाहेर बेचाळीस डिग्री, पत्रा तडतडतोय, आणि त्याखाली तो बारीक सूर. भिंतीत माशांनी घर केलं असणार. जुन्या लाकडी घरांत ते होतंच. मी डगला फोन केला.

तो आला, टोपी काढली, काचेचा पेला मागितला आणि भिंतीला लावून ऐकत राहिला. चारही भिंती झाल्या. मग छत, मग जमीन.

"भिंतीत काही नाही," तो म्हणाला.

"मग हा आवाज?"

"आवाज आहे ना. भिंतीत नाही म्हणालो." तो पलंगाकडे बघत होता. "मर्ल, तू इथे झोपतेस का?"

मी पाहिलं. पलंग मी स्वतः आवरला होता, चादर ताणून, उशी फुगवून. आता उशीला खळगा होता, आणि खळग्याच्या कडेला, कान येतो तिथे, तेलाचा ओला डाग.

"हो," मी म्हटलं. "कधीकधी. दुपारची."

खोटं मी सहज बोलले. सव्वीस वर्षं पोरांच्या थापा ऐकून तेवढं तर येतंच.

डगने पेला स्वयंपाकघरात नेऊन धुतला, पुसला, जागेवर ठेवला. जायच्या आधी दारात घुटमळला.

"मी सांगतो त्यांना, तुला जमत नसेल तर."

"घरच्या माणसाने सांगायचं असतं."

"मग सांग बाई. घरचं माणूस आहेस तोवर."

हे शेवटचं तो कशाला म्हणाला, ते मी विचारलं नाही. त्याची गाडी वळणाआड जाईपर्यंत मी त्याला थांबवावं की नाही याचाच विचार करत होते.

६

दुसऱ्या दिवसापासून मी तेल बंद केलं. अंग साबणाने घासून काढलं. बाटली तळाला आली होती, ती फडताळात मागे सारली.

बिस्किट माझ्याकडे यायचा बंद झाला. मी हाक मारली की मान वर करायचा, इकडेतिकडे बघायचा आणि पुन्हा इडाच्या खुर्चीपुढे पडून राहायचा. जेवण ठेवलं तर खायचा, पण मी खोलीतून गेल्यावर. चौदा वर्षांचा कुत्रा, कान गेले असतील, नाकही गेलं असेल. दोरीवर वाळत घातलेला माझा निळ्या चौकड्यांचा सदराही त्याच आठवड्यात नाहीसा झाला. वाऱ्याने कुंपणापलीकडे नेला असेल म्हणून मी रस्त्यापर्यंत शोधून आले.

मग पेट्या. तेल न लावता, हातमोजे न घालता, धुराशिवाय मी पहिली पेटी उघडली. खरं तर मला डसवून घ्यायचं होतं. एक डंख, सुजलेलं बोट, एवढंच हवं होतं. माशा आपापल्या कामात होत्या. मी चौकट जोरात आपटली. काही नाही. मग मी ते केलं जे कुणी मधपाळ शुद्धीवर असताना करत नाही. उघड्या पेटीवर तोंड नेलं आणि आत श्वास सोडला.

माणसाच्या श्वासाने माशा पिसाळतात, एरवी कितीही शांत असोत. इडासुद्धा पेटीवर वाकताना मान वळवून श्वास घ्यायची.

मी पुन्हा सोडला, छाती भरून. एकाही माशीचा पंख हलला नाही. एक उडत आली, माझ्या ओठाला आपटली, वाटेतल्या खांबाला बगल द्यावी तशी बाजूने वळली आणि आत गेली.

मध भरपूर असला की माशा सुस्त होतात, असं मी घरी येताना मोठ्याने म्हटलं. स्वयंपाकघरात माझा आवाज फार लहान वाटला. फडताळ उघडून बाटली काढली. ती कोरडी होती. घरात मात्र तो वास भरून राहिला होता, गोड आणि मागून कडवट, आणि तो माझ्या अंगाचा नव्हता.

त्या दुपारी मला पहिल्यांदा इडाची भीती वाटली. माझ्याच बहिणीची. तिला मीच थांबवून घेतलं होतं, सोबतीला. दोघींना पुरेल इतकी जागा या घरात कायम होती, मग आता मीच का कमी होत चालले होते?

७

सांगायचं ठरलं. रात्रीपर्यंत थांबायची हिंमत नव्हती, म्हणून भर दुपारीच उठले.

खिळ्यावर किल्ली नव्हती. पन्नास वर्षं त्या किल्लीने कुणी दार लावलं नव्हतं. खिळ्याभोवती भिंतीवर तिची आकृती उमटली होती, तेवढीच राहिली होती. शिवणाच्या खणात काळ्या फितीचं रीळ होतं, त्यावर फीत नव्हती. कात्री उघडी पडली होती.

मी रिकाम्या हाताने निघाले. बोटांनी वाजवीन म्हटलं. बाहेर वारा अजिबात नव्हता. झाडं उन्हात गप्प उभी होती. पेट्यांची पहिली रांग दिसली आणि माझे पाय थांबले.

प्रत्येक पेटीला काळी फीत बांधलेली होती. चोवीसच्या चोवीस. गाठ उलटी, टोक वर आलेली. अशी गाठ इडा मारायची, डाव्या हाताने, आणि मला ती कधी सुटायची नाही. प्रत्येक गाठीत एक चिंधी होती. निळ्या चौकड्यांची.

मी सगळ्या पाहिल्या. एकेका पेटीपुढे वाकून, चष्मा वर करून. सगळ्या माझ्याच सदऱ्याच्या. एकीत तर माझं बटण होतं, गेल्या वर्षी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं. शेवटच्या पेटीच्या झाकणावर किल्ली होती. उन्हाने ती चटका बसेल इतकी तापायला हवी होती. ती कोमट होती आणि तेलकट.

चोवीस पेट्यांमधून एकच सूर येत होता, सपाट आणि हळू. आई गेल्यावर इडाने सांगून झालं तेव्हा हाच सूर आला होता. तेव्हा मी हसू दाबत होते.

मी किल्ली उचलली आणि तीनदा वाजवली.

"इडा गेली," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये गेली. माझी बहीण गेली. मी मर्ल, मी आहे. मी आहे अजून."

पेटीच्या दारातली एक माशी बाहेर आली, माझ्या बोटांवरून चालत पलीकडे गेली आणि उडाली. सूर बदलला नाही. त्यांना जे सांगायचं ते आधीच सांगून झालं होतं, आणि घरच्याच माणसाने सांगितलं होतं.

घराकडून टप टप असा आवाज आला. बिस्किटची शेपटी, व्हरांड्याच्या फळ्यांवर. कितीतरी महिन्यांनी तो अशी शेपटी आपटत होता. मी वळून पाहिलं. जाळीच्या दारामागे काळोखात कुणीतरी उभं होतं. मला फक्त कोपर दिसलं, डाव्या हाताचं, वर उचललेलं. कानामागे बोट नेताना असतं तसं.

"इडा!" मी ओरडले. "अगं, मी आहे इथे! इडा!"

कोपर खाली आलं. ती थोडा वेळ दारात थांबली, पेट्यांकडे बघत. माझ्या अंगावरून तिची नजर गेली असेल, तर ती थांबली नाही. मग आतून किटली चढवल्याचा आवाज आला. एक कप फळीवरून काढल्याचा. एकच.

मी पळत निघाले. पायऱ्यांपाशी पोचले तेवढ्यात दाराला आतून आकडा लागला.

घरात एकटी असली की ती लावायची.